तिसऱ्या खोलीत राहिलेलं पुस्तक

आम्हाला लोक तारे देतात. गुहागरच्या समुद्रापासून चालत चार मिनिटांवर आमच्या चार खोल्या आहेत. मागे पोफळीचं आगर, पुढे पडवीत जेवणाची सोय. आठ वर्षांत तारे पुष्कळ मिळाले आणि कापलेही गेले. 'बाथरूमला पाण्याचा दाब नाही.' 'घावणे गार होते.' एकाने रात्री वीज गेली म्हणून दोन तारे कापले, जशी काही खांबावर चढून मीच तार सोडवली होती. तेव्हा आज पहिल्यांदाच तारे देणाऱ्याच्या खुर्चीत बसायला मिळतंय, तर जरा ऐसपैस बसून घेते.

पुस्तकाचं नाव 'ॲन एम्बर इन द ॲशेस', लेखिका सबा ताहिर. अमेरिकेत 2015 साली आलेलं. मी ते विकत घेतलेलं नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तीन नंबरच्या खोलीत पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं. ते गेल्यावर चादरी काढताना गादी आणि भिंतीच्या फटीत हे सापडलं. फोन केला तर त्यांची मुलगी म्हणाली, "काकू, माझं दोनदा वाचून झालंय, तुम्हीच ठेवा." साडेचारशेच्या आसपास पानं, पानापानांत वाळू, आणि मधे एका ठिकाणी कोकम सरबताचा डाग. सरबत आमच्याकडचंच, रंगावरून ओळखलं.

जून लागला की आमच्या खोल्या रिकाम्या होतात. मासेमारी बंद, पाहुणे बंद, उरतं ते सुका जवळा भाजणं आणि न वाळणाऱ्या चादरी एका दोरीवरून दुसऱ्या दोरीवर घालणं. अशात पुस्तक हाती लागलं. माझं इंग्रजी बारावीपर्यंतचं, नंतर जे आलं ते पाहुण्यांशी बोलून. पहिली चाळीस पानं मोबाईलवर शब्द बघत बघत काढली. मग मोबाईलची बॅटरी संपली, वीज नव्हती, आणि शब्द न बघताही कळतंय हे लक्षात आलं. चार्जिंगच्या कंदिलाखाली एकोणतीस दिवसांत संपवलं. माझी मुलगी अकरावीला आहे. तिने तेच पुस्तक माझ्या हातातून पळवून पाच दिवसांत संपवलं आणि वर मला विचारलं, "अजून पहिल्याच कसोटीवर आहेस?"

तर ही गोष्ट कसोट्यांची आहे. म्हणजे मुलीच्या मते कसोट्यांची आहे. या जातीची पुस्तकं सध्या तरुण मुलं भरपूर वाचतात, साचा साधारण ठरलेला असतो. एक जुलमी राज्य, त्यात थोडी जादू, आणि पोरांना मरणाच्या तोंडी देणारी स्पर्धा. मुलीने मला 2008 च्या 'हंगर गेम्स'चंही सांगितलं. तिथे बारा जिल्ह्यांतून एक मुलगा, एक मुलगी अशी चोवीस जणं रिंगणात सोडतात. पण तिथे जादू नाही, इथे आहे, म्हणून हे भारी, हा तिचा न्याय. मी म्हटलं, अगो, यात नवीन काय? एकचक्रा नगरीत बकासुराकडे गाडाभर भात, दोन रेडे आणि घरटी एक माणूस पाळीपाळीने जातच होता. ती म्हणाली, "पण तिथे भीम येतो ना. इथे कोणी येत नाही." यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही.

राज्य मार्शल लोकांचं. लढवय्ये, शिस्तीचे, पोलादाचे. प्राचीन रोमवरून बेतलेलं आहे हे नावांवरूनच कळतं. पाचशे वर्षांपूर्वी त्यांनी स्कॉलर लोकांना जिंकलं. हे स्कॉलर एके काळचे विद्यावंत, आता गुलाम नाहीतर गुलामीच्या उंबरठ्यावर. लाया ही सतरा वर्षांची स्कॉलर मुलगी आजी, आजोबा आणि भावाबरोबर राहते. एका रात्री घरावर धाड पडते. आजी-आजोबा मारले जातात, भावाला धरून नेतात, आणि तो ओरडत असतो, पळ. लाया पळते.

एवढंच. ती पळते. इथे मी पुस्तक मिटून पडवीत जाऊन बसले होते. अशा पुस्तकांतली पोरगी पहिल्या पानापासून तिरंदाजी करणार, भिंतीवरून उड्या मारणार, असा माझा समज. ही घाबरते आणि पळते, आणि मग पुढची चारशे पानं त्या पळण्याला तोंड देत असते. भावाला सोडवायचं म्हणून ती बंडखोरांकडे जाते. ते म्हणतात, सोडवू, पण आधी ब्लॅकक्लिफ या लष्करी शाळेत गुलाम म्हणून शीर आणि तिथल्या कमांडंट बाईवर पाळत ठेव. ही कमांडंट म्हणजे पुस्तकातलं सगळ्यांत थंड माणूस. आवाज चढवत नाही. नव्या मोलकरणीच्या छातीवर आपल्या नावाचं पहिलं अक्षर सुरीने कोरते. चादरीवर नाव घालतो तसं.

दुसरा निवेदक इलायस, वीस वर्षांचा. सहाव्या वर्षी त्या शाळेत आणलेला. एक प्रकरण लाया सांगते, एक तो. या शाळेत तयार होतात ते 'मास्क'. त्यांच्या तोंडावर चांदीसारखा मुखवटा चढवतात आणि तो हळूहळू कातडीला चिकटून एक होतो. इलायसचा चिकटत नाही, कारण तो एकटा असला की काढून ठेवतो. त्याला पळून जायचंय. पण पळालेल्याचं काय होतं ते सुरुवातीलाच दिसतं. दहा वर्षांच्या एका पोराला अख्ख्या शाळेदेखत चाबकाने मरेपर्यंत मारतात. आणि हो, कमांडंट ही इलायसची सख्खी आई आहे. हे काही गुपित नाही, लवकरच कळतं.

मुखवट्यावरून सांगते. आमच्याकडे शिमग्यात खेळे येतात, त्यात संकासुर असतो. काळा पोशाख, काळा उंच मुखवटा, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. लहानपणी मी त्याला बघून आजीच्या पदरात शिरायची. मग एकदा मागच्या दारी तो मुखवटा काढून गुडघ्यावर ठेवून बसलेला दिसला. आमच्याच वाडीतला माणूस, घामाने थबथबलेला, बशीतून चहा पीत होता. मला बघून म्हणाला, "घाबरू नको गो, मीच हाय." भीती तिथे संपली. या लेखिकाबाईंनी मुखवट्याची गंमत नेमकी उलटी केली आहे. काढताच येत नाही असा मुखवटा. इलायसची जिवलग मैत्रीण हेलन, तिचा चेहऱ्याशी पूर्ण एकजीव झालाय, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. अभिमान वाटतो. हेलन ही मला इलायसपेक्षा पुष्कळ खरी वाटली. राज्य वाईट आहे हे तिला दिसतं, पण ते तिचं आहे. अशी माणसं आपण गावात रोज बघतो.

आता कसोट्या. राजघराण्याचा वंश खुंटणार, म्हणून नवा सम्राट निवडायचा. निवडणारे ऑगर, म्हणजे न मरणारे, मनातलं वाचणारे, लाल डोळ्यांचे भविष्यवेत्ते. उमेदवार चार: इलायस, हेलन आणि फरार आडनावाचे जुळे भाऊ. चार कसोट्या: धैर्य, चातुर्य, बळ, निष्ठा. जिंकेल तो सम्राट, दुसरा येईल तो त्याचा उजवा हात, उरलेले दोघे मेले. पहिलीत इलायस एका रणांगणावर जागा होतो. नजर जाईल तिथवर प्रेतं. तो एकेकाचा चेहरा बघत जातो आणि त्याला कळतं की ही सगळी माणसं पुढच्या आयुष्यात तो मारणार आहे. काही ओळखीची आहेत. हे भयंकर चांगलं जमलंय. तलवार नाही, राक्षस नाही, नुसती मोजदाद.

दुसरी कसोटी पळापळीची. मुलीला तीच सगळ्यांत आवडली, मी चाळली. तिसरीत दोस्तांसमोर दोस्त उभे करतात आणि मागे फिरायची वाट ठेवत नाहीत. त्या प्रकरणानंतर मुलगी रात्री न जेवता झोपली. चौथीबद्दल मी बोलत नाही.

आमचं भांडण इथून सुरू होतं. मुलगी म्हणते, पुस्तक कसोट्यांसाठी वाचायचं. मी म्हणते, कसोट्या ठीक आहेत, पण पुस्तकाचा जीव लायाच्या ताटात आहे.

ताटात म्हणजे शब्दशः. लाया कमांडंटच्या घरात झाडते, पत्रं नेते-आणते, बाजारात जाते, खोलीत शिरते आणि बाहेर येते. ब्लॅकक्लिफमध्ये एकापेक्षा एक तयारीचे योद्धे आहेत, भिंतीपलीकडचं ऐकू येईल असे कान आहेत, मनातलं वाचणारे ऑगर आहेत. आणि तरी तिथे हेर म्हणून कोण चालतं, तर केर काढणारी पोर. कारण तिच्याकडे कोणी माणूस म्हणून बघतच नाही. वाढणाऱ्या बाईला कान नसतात, असं सगळ्या मालकांना वाटतं. मुलीला ही प्रकरणं 'स्लो' वाटली. मला एकेक ओळ ओळखीची.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीनंतरच्या गर्दीत एक कुटुंब उतरलं होतं, दोघे भाऊ, त्यांच्या बायका, एक बहीण, पोरंबाळं. दुपारी बहीण पोरांना घेऊन समुद्रावर गेली आणि भाऊ जेवायला बसले. मी सुरमईच्या तुकड्या वाढत होते. पहिल्या भातापासून ताकभातापर्यंत त्यांनी माझ्यासमोर ठरवलं की बहिणीची हक्कसोडपत्रावर सही कशी घ्यायची. बँकेच्या कागदांत घालून. ती वाचत नाही, धाकटा म्हणाला. मग मला म्हणाला, "ताई, जरा सोलकढी." मी वाटी भरली. अर्ध्या तासाने बहीण आली, केसांत वाळू, मागे पोरं. तिला मी गरम तुकडी तळून दिली, मोठी बघून. बाकी काही बोलले नाही. तिने मला 'फार छान जेवण' म्हणून पाच तारे दिले. ते अजून तिथे दिसतात.

लाया ऐकलेलं जाऊन सांगते. घाबरत, अडखळत, पण सांगते. ती भित्री आहे, भित्री आहे असं ती स्वतःला शंभर वेळा म्हणते, आणि मला दर वेळी वाटायचं, बये, थांब, माझं बघ.

लेखिकेला हे कुठून कळलं असेल म्हणून मुलीकडून मोबाईलवर शोधून घेतलं. पाकिस्तानी वंशाची ही बाई कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात वाढली. आईवडिलांचं तिथे अठरा खोल्यांचं मोटेल होतं. अठरा! आमच्या चार खोल्यांच्या चादरी मला पुरतात. हे वाचल्यावर लायाच्या हातातला केरसुणीचा झटका मला नीट समजला. मोटेलवाल्याच्या पोरीला माणसं दार लावून घेतल्यावर कशी असतात ते ठाऊक असतं. पुढे तिने 2022 साली 'ऑल माय रेज' लिहिलं, त्यात जादूबिदू काही नाही, वाळवंटातलं मोटेल चालवणारं कुटुंबच आहे, आणि त्याला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला, तरुणांच्या साहित्यातला. ते मिळालं तर मला आधी वाचायचंय.

आणखी एक कळलं. ती 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये संपादनाच्या कामावर असताना काश्मिरातल्या बायकांबद्दलची एक बातमी तिच्या वाचनात आली होती. ज्यांचे भाऊ, मुलगे, नवरे लष्कराने नेले आणि परत आले नाहीत अशा बायका. माझ्या भावाला नेलं तर मी काय करीन, या प्रश्नातून पुस्तक सुरू झालं असं तिने सांगितलंय. म्हणूनच ती धाडीची रात्र स्पर्धेपेक्षा खोल उतरते. स्पर्धा सुचलेली आहे, धाड लागलेली आहे.

जादूबद्दल थोडं. यात जिन आहेत, इफ्रित आहेत, घूल आहेत. घूल म्हणजे सावलीसारखे बारके जीव, दुःखावर जगणारे. दुःखी माणसाच्या अवतीभवती कोपऱ्यात जमतात. इंग्रजी पुस्तकात परी आणि ड्रॅगन सोडून ही मंडळी दिसली की घरचं कोणीतरी भेटल्यासारखं होतं. धोपाव्याहून फेरीबोटीने पलीकडे दाभोळला उतरलं की आमची अंडीवाली खाला राहते. तिला विचारलं तर म्हणाली, "जिन सगळेच वाईट नसतात, त्यांच्यातही नमाजी असतात." आमच्या बाजूला राखणदार असतो, तोही तसाच. मान ठेवला तर आगर सांभाळतो, नाही ठेवला तर वाट चुकवतो. पुस्तकातले जिन का चिडलेत याचं कारण आहे, पण पहिल्या भागात त्याचं नुसतं शेपूट दिसतं. एकूण चार भाग आहेत, शेवटचा 2020 साली आला. म्हणजे जादूचा बराचसा हिशेब उधारीवर.

आता जिथे तारा कापते तिथे येते. पहिलं म्हणजे प्रेम. लायाला इलायस आवडतो, बंडखोरांतला कीनन पण आवडतो. इलायसला लाया आवडते, हेलन पण आवडते. चार माणसं, चार दोऱ्या, आणि बाहेर माणसं मरताहेत. कोणाचे डोळे कसे, केस कसे, याला जी पानं दिली आहेत त्यात शाळेतल्या स्वयंपाकीणबाईला आणखी जागा मिळाली असती. ही बाई तोंडावर व्रण घेऊन वावरते, तिचं नाव कोणाला माहीत नाही, आणि तिला बरंच काही माहीत आहे. आणि एक डोळा गमावलेली इझी, ही छोटी मोलकरीण. या दोघींच्या चुलीपाशी पुस्तक जेवढं तापतं तेवढं चुंबनापाशी तापत नाही. मुलगी यावर म्हणाली, "आई, तुला कळत नाही." बरं.

दुसरं म्हणजे, बायकांवर जबरदस्तीची धमकी यात सारखी येते. खलनायक आला की त्याच्या तोंडी तेच. राज्य क्रूर आहे हे दाखवायचंय हे समजतं, पण पाचव्या वेळेला ती धमकी कोपऱ्यातल्या फर्निचरसारखी होते, तिची भीती राहत नाही, नुसता वास राहतो. चौदा वर्षांच्या आतल्या पोरांना देऊ नका, आणि दिलंत तर आधी स्वतः वाचा. मी वाचण्याआधी मुलीने वाचलं, हे मला आवडलेलं नाही, पण आता काय.

तिसरं बारीक आहे. बंडखोर फारच कच्चे वाटतात. एवढ्या मोठ्या साम्राज्याशी लढणारी माणसं, आणि एका पोरीला कसलीही तालीम न देता कमांडंटच्या घरात सोडून देतात. यामागे काय आहे ते पुढे कळतं, पण कळेपर्यंत मी चिडलेलीच होते.

भाषा सोपी आहे. प्रकरणं लहान, दर प्रकरणाच्या शेवटी कोणीतरी दार ठोठावतं. भात उतू गेला एकदा, डाळ दोनदा लागली. माझ्यासारखं अडखळत इंग्रजी वाचणाऱ्याला ही चांगली सुरुवात आहे. नावं मात्र कागदावर लिहून ठेवा, पहिल्या पन्नास पानांत गोंधळ उडतो. मी बिलबुकाच्या मागे लिहिली होती. एका पाहुण्याने तो कागद बघून विचारलं, या सगळ्यांचं बुकिंग आहे का.

तारे: साडेतीन. मुलगी पाच म्हणते. अर्धा तारा मी त्या पळून जाण्याला वेगळा दिलाय, तो धरलेला आहे.

पुस्तक आता तीन नंबरच्या खोलीतच असतं, पंख्याच्या बटणाखालच्या फळीवर. पावसाने फुगून दुप्पट झालंय, बंद होत नाही. वर चिठ्ठी लावली आहे: 'वाचा, पण नेऊ नका.' तरी ते एका जागी राहत नाही. गणपतीनंतर उघडीप झाली आणि साताऱ्याचं एक जोडपं आलं, ते उतरले होते दोन नंबरला. निघाले तेव्हा खोली झाडताना पुस्तक उशीखाली सापडलं, आमच्या चहाच्या बिलाची खूण घातलेलं, तिसऱ्या कसोटीच्या ऐन तोंडावर. गाडी अजून फाटकात होती. बाईंनी काच खाली करून विचारलं, "त्या दोघांचं पुढे काय होतं हो?"

मी म्हटलं, थंडीत या, खोली ठेवते.